मोठ्या पेटीची वाट

उंदीर हातात कसा धरायचा, हे मला धर्मराज कोळी यांनी शिकवलं. २००७ साल. मी नुकतीच पीएचडीला लागले होते आणि उंदराला शेपटीला धरून लटकवणं म्हणजे फार मोठं शौर्य, अशी माझी समजूत होती. काकांनी माझ्या हातातून तो उंदीर काढून घेतला, ओंजळीत ठेवला, अंगठ्याने त्याची मान कुरवाळली आणि म्हणाले, "तुला कुनी असा टांगला तर बरं वाटंल काय?" माझ्याबरोबरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. मला राग आला. पण त्या दिवसापासून मला उंदीर चावलेला नाही.

नवीन पनवेलच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमची छोटीशी संस्था होती. कर्करोगावर काम चालायचं. काका तिथल्या प्राणीघरात कामाला होते. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाणी-खाणं द्यायचं, उंदरांना इंजेक्शनं द्यायची. पगारपत्रकात त्यांचा हुद्दा 'मदतनीस' असा होता. खरं तर मदत आम्ही त्यांना करायचो, आणि तीही धड नाही.

त्याआधी काका मासे मारत. उलव्याच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं गाव. खाडीत भराव पडत गेला, पाणी आटत आणि नासत गेलं, जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं. तेव्हा त्यांनी होडी विकली आणि ही नोकरी धरली. होडीबद्दल विचारलं तर म्हणायचे, "बरी होती." एवढंच.

त्यांची बायको शांतीमावशी पनवेलच्या मासळीबाजारात बसायची. मी तिला लहानपणापासून ओळखत होते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, पेणकर. आमच्यात खवले आणि पर असलेलाच मासा चालतो. कोळंबी नाही, खेकडा नाही, शिंपल्या नाहीत. मावशीला हे सांगावं लागत नसे. आई समोर उभी राहिली की मावशी कोळंबीची टोपली पायाने मागे सारायची आणि फडक्याखालून बोय नाहीतर जिताडा काढायची. "तुमच्यासाठी खवल्याचाच ठेवलाय गो बाय." बाबा, म्हणजे जेकब पेणकर, बँकेतून निवृत्त झालेले आणि सगळ्या जगात खोट काढणारे. पण तेसुद्धा म्हणायचे की आपले नियम पाळण्यात शांतीबाई आपल्यापेक्षा कडक आहे. या जुन्या ओळखीमुळे संस्थेत चारचौघांत काका मला 'मॅडम' म्हणत, आणि कुणी नसलं की 'बाय'. त्यांची एकुलती एक मुलगी रोशनी माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती.

२००९च्या हिवाळ्यात आमच्याकडे ती पेटी आली. फ्रीजएवढं काळं खोकं, आत मिट्ट अंधार आणि वर एक कॅमेरा, इतका थंड ठेवलेला की माणसाच्या डोळ्याला जाणवणारही नाही एवढा उजेड तो टिपायचा. उंदराच्या अंगात वाढणारी गाठ बाहेरून दिसत नाही. पूर्वी ती बघायला उंदीर मारून फाडावा लागे. आता उंदराला एक इंजेक्शन द्यायचं, दहा मिनिटं थांबायचं, गुंगी देऊन पेटीत ठेवायचं आणि दार लावायचं. पडद्यावर उंदराचं करडं चित्र उमटायचं आणि त्यावर निळा, हिरवा, लाल डाग. जिथे डाग तिथे गाठ. उंदीर पाच मिनिटांत शुद्धीवर येऊन दाणे खायला लागायचा.

पहिल्या दिवशी काका माझ्या खांद्यामागे उभे होते. निळा डाग उमटला तशी त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"ह्यो आतला उजेड?"

"आतला," मी म्हणाले. मी तेव्हा भलतीच भाव खात होते. "काका, आता कापायचं नाही, फाडायचं नाही. एक इंजेक्शन दिलं की आतलं दुखणं आपोआप पेटतं, आणि पेटीत दिसतं."

हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं घोकते आहे. त्यात एक गोष्ट राहिली होती. दुखणं आपोआप पेटत नाही. उंदराच्या अंगात ज्या पेशी आम्ही सोडायचो, त्यांच्यात काजव्याचा एक गुण आधीच घातलेला असायचा. इंजेक्शन म्हणजे त्या काजव्यांना दिलेलं खाद्य. पेशीत काजवा नसेल तर कितीही इंजेक्शनं द्या, पेटीत काळोखच. पण ते काजवा घालण्याचं काम वरच्या मजल्यावर पेशींच्या खोलीत चालायचं, आणि तिथे प्राणीघरातल्या माणसांना शिरायला मनाई होती. काकांनी पाहिलं ते असं: एका सुईने आम्ही रोग देतो आणि दुसऱ्या सुईने तो रोग पेटतो. मी जे सांगितलं ते याच्याशी तंतोतंत जुळत होतं.

आणि काकांना त्या पेटीची भाषा माझ्याआधी कळली, हे पुढचं सगळं घडायला कारण झालं.

२०१० च्या जूनमध्ये आम्ही एक नवं औषध तपासत होतो. औषध दिलेल्या उंदरांपैकी एकाचा डाग दर आठवड्याला फिका होत गेला. लालचा हिरवा, हिरव्याचा निळा. मी खूश. गाईडना दाखवायला तक्तासुद्धा तयार केला. काका पिंजरा घेऊन आले, पडद्याकडे बघत राहिले.

"म्हावरं कमी नाय झालं, बाय. खाली गेलंय."

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. अवसेच्या आसपास खाडीच्या तोंडाशी पाणी पेटतं. मासा हलला की त्याच्याभोवती उजेड फुटतो. बारीक आणि लख्ख दिसला तर मासा वर, हाताशी. फिका आणि पसरलेला दिसला तर मासा खोल, आणि बहुतेक वेळा थवा मोठा. नवखा माणूस फिका बघून होडी पुढे नेतो. जाणता तिथेच जाळं खोल सोडतो. "ह्यो डाग बघ. फिका झाला, पन पसरला पन."

मी तोंडावर 'हो' म्हणाले आणि मनात 'काहीतरीच' म्हणाले. पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी उंदीर उलटा, पाठ वर करून पेटीत ठेवला. डाग मोठा आणि लाल. गाठ कमी झाली नव्हती. पोटाकडून सरकून कण्याजवळ गेली होती, आणि मधल्या मांसाने, रक्ताने तिचा उजेड गिळला होता. माझा तक्ता केरात गेला. गाईडनी मला झापलं आणि काकांना चहा पाजला.

त्या दिवशी काका फार आनंदात होते. पेटी खरं बोलते आणि आपल्याला ती वाचता येते, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

त्यानंतर महिन्याभरात शांतीमावशीच्या छातीत गाठ लागली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बाजारात ती तशीच बसत होती, आईशी तशीच हुज्जत घालत होती. पुढे रोशनीने मला सगळं सांगितलं. मावशीने पनवेलमधल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाई म्हणाल्या, सुईने तपासून घ्या, उशीर करू नका. गावात जो तो सांगायचा, सुई लावली की गाठ चिडते, मग ती आवरत नाही. मावशी घाबरली. काका मात्र घाबरले नाहीत. त्यांनी तिला सांगितलं, सुई कशाला लावायची, आमच्याकडं पेटी हाय. उंदराची पेटी लहान पडते, पन मोठी येनार हाय. गाठीला न टोचता दिसंल कुठं हाय, केवढी हाय. मग तेवढीच काढायची. मावशीने एकच अट घातली, माझ्याबद्दल: "निरीतला आताच बोलू नको. गिऱ्हाईकाची पोर ती. मना लाज वाटते."

मोठी पेटी खरंच येणार होती. ती दहा उंदीर एकदम मावावेत म्हणून मागवली होती.

काकांनी मला पहिल्यांदा विचारलं ते ऑगस्टमध्ये. मी पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावत होते. "बाय, ती मोठी पेटी कधी येनार?"

"मार्चमध्ये."

"मोठी म्हंजे केवढी?"

मी दोन्ही हात फाकवून दाखवले. "कपाटाएवढी." बाहेरचं खोकं तेवढं असणार होतंच.

दुसऱ्यांदा दिवाळीत विचारलं. मावशीने माझ्यासाठी करंज्या पाठवल्या होत्या. डबा देता देता काका म्हणाले, "पेटीचं काय झालं? लवकर नाय येनार?" मी घाईत होते. म्हणाले, कस्टममध्ये अडकतात हो या वस्तू, मार्च म्हणजे मार्च.

तिसऱ्यांदा जानेवारीत. "नक्की ना मार्च?"

मला हसू आलं. "काका, तुम्हालाच बसायचंय की काय पेटीत?"

तेही हसले. हसून पिंजरे धुवायला गेले.

माणूस एकच गोष्ट तीनदा विचारतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं, हे कळायला पीएचडी लागत नाही. मला कळलं नाही.

मोठी पेटी मार्चच्या नऊ तारखेला आली. जोडायला आठवडा गेला. सतरा तारखेला सकाळी गेटवरून फोन: धर्मराज बायकोला घेऊन आलाय, तुमचं नाव सांगतोय. मला वाटलं रोशनीच्या कॉलेजचं काही काम असेल.

काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मावशी नव्या हिरव्या साडीत होती, केसांत अबोली. हातात पिशवी, तिच्यातून जिताड्याची शेपटी बाहेर आलेली. मावशी खूप बारीक झाली होती. बाजारात ती बसलेली असायची, तिथे मला ते कधी दिसलं नव्हतं.

"हिला तयार करून आनलंय," काका हळू आवाजात म्हणाले. "पंधरा दिवस पालेभाजी नाय दिली. सकाळपासून उपाशी हाय."

मला काही समजेना. आणि मग एकदम समजलं. पेटीत ठेवायच्या आधी उंदरांना आम्ही हिरवा पाला नसलेलं खाणं द्यायचो, कारण पोटातला पाला स्वतःच किंचित उजळतो आणि चित्र बिघडवतो. काका ते खाणं स्वतः मोजून द्यायचे. तोच नियम त्यांनी बायकोला लावला होता. तोही अगदी नेमाने, एक दिवस न चुकता.

गेटजवळच्या बाकावर मी त्यांना बसवलं. मावशीने मान खाली घालून पदराआड हात नेला आणि कुठे ते दाखवलं. मी बोलायला लागले. पेशींची खोली, काजवा, दोन सुया. मधेच माझं मराठी संपायचं आणि इंग्रजी सुरू व्हायचं, मग मी पुन्हा मागे यायचे. माणसाचं अंग जाड असतं, आत उजेड असता तरी बाहेर आला नसता, हेही सांगितलं. एवढं सगळं सांगायला मला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग त्यो उजेड आपुनच टाकतो?"

"हो."

"आधीच?"

"हो, काका."

"हिच्यात नाय."

"नाही."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "आठ महिने झाले."

त्यांचा चेहरा मी बघू शकले नाही. मावशीने मात्र त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "जाऊ दे. पालेभाजी मना तशी पन आवडत नाय." आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "जिताडा हाय. आईला सांग, तुकडं मोठं ठेव."

त्याच दिवशी मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. सुई लावली, फोटो काढले, आठवड्याने कागद आले. आजार हाडांत आणि यकृतात पोचला होता. डॉक्टर तरुण होते, फार काम असलेले. कागदावरून मान वर न करता म्हणाले, "मागच्या पावसाळ्यात आला असता तर गोष्ट वेगळी होती. इतके दिवस काय करत होता?"

काका म्हणाले, "वाट बघत होतो."

मी बाजूलाच उभी होते. कसली वाट, हे डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मावशी अकरा महिने जगली. औषधांनी तिचे केस गेले तेव्हा ती डोक्याला फडकं बांधून बाजारात यायची, तासभर बसायची. कोळंबीची टोपली पायाने सरकवण्याइतकं बळ राहिलं नाही तेव्हा रोशनी बाजूला बसायला लागली आणि मावशी तिला सांगायची, "यांच्यासाठी खवल्याचा." काका संस्थेत येत, काम करत. पिंजऱ्यांत कधी घाण राहिली नाही, पाणी कधी संपलं नाही. फक्त पेटी लावली की ते त्या खोलीतून निघून जायचे.

२०१२च्या फेब्रुवारीत, दुपारी, मावशी गेली. मी आणि आई गेलो. अंगणात गावातली माणसं बसली होती. मावशीचा भाऊ कृष्णकांत उरणहून आला होता, रागाने लाल झालेला. माझ्याकडे बोट करून तो काकांना म्हणाला, "या मशीनवाल्यांनीच तुला भुलवलं ना? यांनीच सांगितलं ना, सुई लावू नको म्हनून?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मावशीचं दुःख नव्हतं, स्वतःची भीती होती.

काका भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "मना कुनी काय नाय सांगितलं. मीच समजलो."

रोशनीने मला पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं: ते पहिलं वाक्य, तीन वेळा विचारलेला प्रश्न, माझी थट्टा. आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाऊन सांग त्याला." मी म्हणाले, सांगते. रोज ठरवायचे. रोज प्राणीघराच्या दारात काका विचारायचे, "मॅडम, आज किती उंदीर?" आणि मी आकडा सांगून निघून यायचे. 'बाय' म्हणणं त्यांनी कधी सोडलं, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

वर्ष गेलं. २०१३च्या उन्हाळ्यात, माझा प्रबंध छापायला गेला होता तेव्हा, काका माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, वरची खोली बघायची हाय. उजेड टाकतात ती."

मनाई होती. मी कुणाला विचारलं नाही. त्यांना गाऊन घातला, टोपी घातली, हातमोजे दिले. पेशींच्या खोलीतली एक चपटी बाटली काढून दाखवली: तळाशी लालसर पाणी, बाकी काही दिसत नाही. मग ती बाटली खाली पेटीपाशी आणली, तिच्यात त्याच इंजेक्शनचे दोन थेंब टाकले आणि काकांच्या हातून आत ठेवली. दार लावलं. पडद्यावर अख्खी बाटली लाल झाली. कुठलाही उंदीर नाही, कुठलंही दुखणं नाही, नुसता आम्ही टाकलेला उजेड.

मी एकदाची बोलायला लागले. "काका, पहिल्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. चूक माझी होती. आपोआप पेटतं म्हणाले मी. एक वाक्य आणखी सांगितलं असतं तर..."

"त्ये नाय," काका म्हणाले. ते पडद्याकडेच बघत होते. "सांगताना मानूस इसरतो. मी पन इसरतो."

मग माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता, डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी तुला तीनदा इचारला, बाय. तू मना येकदा इचारायला पायजे होतं."

काकांनी गाऊन काढला, त्याची नीट घडी करून माझ्या हातात दिली, आणि उंदरांचं पाणी बदलायची वेळ झाली होती म्हणून ते खाली गेले.